शेऱ्याचा रकाना

काम ठरल्याप्रमाणे पार पडलं असतं, तर कल्पेश भोईरच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, 'आयटी मॅनेजर' हे नाव. तोवर पगारपत्रकावर त्याचं पद 'कॉम्प्युटर ऑपरेटर व इतर' असं होतं, आणि त्यातलं 'इतर' वाढत वाढत पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बंद करण्यापर्यंत गेलं होतं. दुसरी, पाठीवरची बॅग सुटणार होती. तिसरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. यापुढे सेंटरमध्ये काहीही अडलं तरी कुणी "मर्लिनबायला विचार" असं म्हणणार नव्हतं.

आधी बॅगेचं सांगायला हवं. डॉ. शत्रुघ्न राऊतांच्या 'किनारा स्कॅन सेंटर'च्या तीन शाखा होत्या : वसई, नायगाव पूर्व आणि विरार. एका माणसाच्या छातीचा सीटी स्कॅन काढला की शेकड्यांनी चित्रं निघतात, आणि ही सगळी चित्रं वसईच्या शाखेत जिन्याखालच्या जुन्या सर्व्हरवर ठेवायची पद्धत होती. नायगाव आणि विरारची दिवसभराची चित्रं डिस्कवर भरून कल्पेश मोटरसायकलवरून वसईला आणायचा. म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या लोकांची फुप्फुसं आणि मणके रोज त्याच्या पाठीवर बसून हायवेचे खड्डे खात यायचे. त्यात सर्व्हर भरत आलेला. नवं ठेवायचं तर जुनं काहीतरी काढावं लागे, आणि काय काढायचं हे विचारलं की सगळे कल्पेशकडे बघत.

म्हणून अंधेरीहून जितेंद्र आला. स्टोरेज विकणारा माणूस, पण विकायची घाई नसल्यासारखा बोलायचा. त्याने आल्या आल्या चार पानी फॉर्म कल्पेशच्या हातात ठेवला. वर लिहिलं होतं : 'आपल्या संस्थेला साठवणुकीकडून काय हवं आहे?'

"आधी गरज लिहून द्या," तो म्हणाला. "लोक ट्रक मागतात आणि घरी गेल्यावर कळतं, गल्लीत रिक्षाच शिरते. मग शिव्या मला."

कल्पेश फॉर्म घेऊन सगळ्यांकडे फिरला. अशा कामात तो नेटका होता. मोठ्या डॉक्टरांकडे, म्हणजे शत्रुघ्न राऊतांकडे, दोनच मिनिटं मिळाली.

"भरू नये आणि बंद पडू नये. लिही."

"आणि किमतीचं, सर?"

"किमतीचं तू बोलूच नकोस. तुझा चेहरा बघून तो जितेंद्र आकडा वाढवतो."

डॉ. तेजस्वी कुलथे स्कॅन वाचून रिपोर्ट लिहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, दोन वर्षांपूर्वी विरारला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला. त्यांनी मोजून तीन ओळी दिल्या. जुनं स्कॅन मागितलं की लगेच यावं. एखादी डिस्क मेली तरी काम थांबू नये. आणि सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावात असावी, "नाहीतर वसईत पाणी भरलं की आपण पाण्यात." कल्पेशने तिन्ही ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्या.

शेवटी तो काउंटरवर गेला. तिथे मर्लिन तुस्कानो बसायची. भुईगावची, एकोणीस वर्षांची नोकरी, त्यातली पहिली बारा नायगावच्या शाखेत. तिथल्या गावागावांतली माणसं तिला चेहऱ्याने, चालीने आणि उधारीने पाठ. डिसेंबरात ती निवृत्त होणार होती.

"तुम्हाला काय हवं, मर्लिनबाय?"

"माझा शेरा नव्यात आला पाहिजे," ती पावती फाडता फाडता म्हणाली. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

हा शेरा म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यांत खालचा, मोकळा रकाना. डॉक्टरांनी काही टीप लिहावी म्हणून ठेवलेला. डॉक्टरांनी तो कधी उघडला नाही, मर्लिनने मात्र एकोणीस वर्षं भरला. कारण जूचंद्र गावात बळीराम म्हात्रे एकूण सात. जुन्या पद्धतीत नंबर माणसाला नव्हता, भेटीला होता. दर खेपेला नवा. फोन नंबर म्हणावा तर जो घेऊन आला त्याचा. कधी भाच्याचा, कधी रिक्षावाल्याचा. तेव्हा कुठला बळीराम हे कळायला मर्लिन खाली लिहायची : 'मिठागरावरचे'. 'गिरणीमागचे, थोरले'. 'बावखलाच्या काठचे, डाव्या कानाने ऐकतात'. तेवढ्यावर ती थांबती तर कल्पेशची तक्रार नव्हती. पण ती पुढेही लिहायची : 'मशीनला घाबरतात, सुनेला आत सोडावे'. 'दोघा भावांना एका दिवशी बोलावू नये'. 'नवऱ्यासमोर वय विचारू नये'.

कल्पेशने फॉर्मवर मर्लिनच्या नावापुढे लिहिलं : 'विशेष काही नाही'.

त्याच्या बाजूनेही बघायला हवं. सात वर्षं तो या सेंटरची यंत्रं जिवंत ठेवत होता, आणि सात वर्षं डॉक्टर, टेक्निशियन, झाडूवाली, सगळे त्याला ओलांडून काउंटरवर जात होते. जुनं स्कॅन हवंय? मर्लिनबायला विचार. सर्व्हरवर शोध घेऊन कल्पेश उत्तर आणेपर्यंत मर्लिनने तिथूनच हाक मारलेली असायची, "मार्च एकोणीस बघ, गुडघ्याचा!" आणि ते तिथेच सापडायचं. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला हे किती टोचतं ते त्यालाच ठाऊक.

जितेंद्रने जुनी माहिती तपासली तेव्हा त्याचं बोट त्या रकान्यावर थांबलं. "हा मोकळा मजकूर आहे. नव्यात आणायचा तर माणूस बसवून निवडावा लागेल, आठ-दहा दिवस जास्तीचे. हवाय?"

कल्पेशने पडद्यावर वाचलं : 'सासू बरोबर आल्यास आधी सासूला चहा विचारावा'. त्याला हसू आलं.

"नको," तो म्हणाला, आणि 'आवश्यक नाही' या चौकोनात खूण करून खाली सही केली.

"मग माणूस ओळखायचा नाव, जन्मतारीख आणि गाव यांवरून," जितेंद्र म्हणाला. "तिन्ही जुळलं की तोच माणूस. त्याची सगळी जुनी स्कॅन एका नंबराखाली गोळा होतील. एक माणूस, एक नंबर. मोठमोठ्या हॉस्पिटलांत असंच करतो आपण."

एक माणूस, एक नंबर. कल्पेशला ते इतकं आवडलं की त्याने ते मोठ्या डॉक्टरांसमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर मर्लिनचा अर्ज होता. निवृत्तीनंतर एक वर्ष मुदतवाढ मिळावी असा.

"म्हणजे आता मर्लिनशिवाय चालेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालेल, सर," कल्पेश म्हणाला.

अर्ज बाजूच्या ट्रेमध्ये गेला. साठलेली रजा संपवायला म्हणून मर्लिन ऑक्टोबरातच घरी बसली.

नवं स्टोरेज बसलं आणि खरोखर उत्तम चाललं. तिन्ही शाखांची चित्रं आपोआप वसईला येऊ लागली, दुसरी प्रत विरारला जाऊ लागली, बॅग खुंटीला लागली. एका दुपारी त्यातली एक डिस्क मेली. लाल दिवा लागला आणि तो फक्त कल्पेशने पाहिला. जितेंद्रने दुसरी पाठवली, चालू मशीनमध्येच ती बसवली, एकही स्कॅन थांबला नाही. फॉर्मवर लिहिलेलं प्रत्येक कलम स्टोरेजने पाळलं.

जुना सर्व्हर तीस दिवस तसाच ठेवायचा, तेवढ्यात नमुन्याला पन्नास पेशंट तपासायचे आणि सगळं बरोबर असेल तर जुनं पुसायचं, असा करार होता. कल्पेशने पन्नास पेशंट निवडले ते विरारचे. तिथल्या नोंदी स्वच्छ असतात. इमारतीत राहणारी माणसं, कुणी कोकणातलं, कुणी खानदेशातलं, कुणी मुंबईहून आलेलं; आडनावं वेगवेगळी, जन्मतारखा दाखल्यावरून घेतलेल्या. पन्नासपैकी पन्नास बरोबर निघाले. तिसाव्या दिवशी त्याने दुसरी सही केली आणि जुना सर्व्हर पुसला गेला.

त्रेचाळिसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, डॉ. तेजस्वींनी त्याला आत बोलावलं. पडद्यावर चार स्कॅन उघडी होती.

"कल्पेश, तू जूचंद्रचा ना? तुमच्या गावात काढलेलं पित्ताशय परत उगवतं का?"

"म्हणजे?"

"हे बळीराम म्हात्रे. दोन हजार एकोणीस : पित्ताशय काढलेलं. एकवीस : पित्ताशय जागेवर, आत खडेसुद्धा. बावीस : छातीत बायपासच्या तारा. आणि आज सकाळचं हे बघ, तारा गायब."

"मशीनची चूक असेल, मॅडम."

"मशीनने पित्ताशय बसवलं?"

"पण नाव तेच आहे, गाव तेच आहे, जन्मतारीख तीच," कल्पेश म्हणाला आणि वाकून वाचू लागला. "एक जून एकोणीसशे छप्पन्न..."

वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला.

"काय झालं?"

"आमच्या बाबांचीपण एक जून आहे, मॅडम."

"असेल. योगायोग."

"योगायोग नाही. गावात त्या वयाच्या सगळ्यांचीच एक जून आहे."

डॉ. तेजस्वी खुर्चीत मागे टेकल्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांचीपण."

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला मास्तरांसमोर उभं केलं की जन्मतारीख कुणाला माहीत नसायची. मास्तर अंगापिंडाने अंदाज घेत, पोर सहा वर्षांचं धरत आणि दाखल्यावर एक जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे रेशनकार्डावर गेली, तिथून आधारवर, तिथून 'किनारा'च्या काउंटरवर. सात बळीरामांतले चार एकाच वर्षी शाळेत गेले होते. नव्या सिस्टीमने चौघांचा एक केला होता. कल्पेशने तिथेच उभ्या उभ्या वडिलांचं नाव टाकून पाहिलं : आत्माराम भोईर, जूचंद्र. वडिलांच्या खुब्यात लोखंडी सांधा बसवलेला निघाला. वडील त्याच सकाळी सायकलवरून दूध घालून आले होते.

"हसण्यावारी नेऊ नकोस," डॉ. तेजस्वी म्हणाल्या, जरी हसत कुणीच नव्हतं. "आज आलेल्या बळीरामांच्या फुप्फुसात एक ठिपका आहे. कोविडच्या वेळी, एकवीस साली, या नावावर छातीचे दोन स्कॅन झालेत. एकात ठिपका आहे, एवढाच. दुसऱ्यात नाही. पहिला यांचा असेल तर काळजीचं कारण नाही, घरी जाऊ देत. दुसरा यांचा असेल तर हा ठिपका नवा, मग सुई घालून तुकडा काढायला पाठवावं लागेल. यांचा कुठला?"

"तारांवरून नाही कळणार?"

"बायपास बावीस सालची. एकवीसमध्ये तारा कुणालाच नव्हत्या."

बळीरामकाका बाहेर बाकावर चपला काढून बसले होते. कल्पेशला बघून म्हणाले, "काय रं कल्पा, जाव का मी घरा? म्हशी उपाशी हायत."

"काका, कोविडमध्ये छातीचा फोटो काढला होता, त्याचा लिफाफा हाय?"

"व्हता. घर रंगवला तवा गेला कुठं."

"त्या वेळी काय सांगितलं होतं डॉक्टरांनी? ठिपका वगैरे?"

"मना काय ठाव? मना श्वास लागलेला, मी काय आयकतोय?" मग त्यांनी काउंटरकडे मान वळवली. तिथे नवी मुलगी बसली होती. "ती बाय कुठं हाय? तिला इचार ना."

कल्पेश जिन्याखाली गेला आणि मर्लिनला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

"आवाज ऐकव त्यांचा," ती म्हणाली.

त्याने बाहेर येऊन फोन काकांच्या कानाला लावला. काका ओरडून म्हणाले, "बाय, ह्यो मना सोडत नाय!"

"मिठागरावरचे," मर्लिन कल्पेशला म्हणाली. "एकवीसला आले तेव्हा श्वास धरताच येत नव्हता त्यांना. दोनदा फुकट गेलं, तिसऱ्यांदा जमलं. गिरणीमागच्या बळीरामाचं एका दमात झालं होतं. बघ, मशीनने तिन्ही वेळा ठेवलं असेल."

मशीनने ठेवलं होतं. एकवीसच्या एका स्कॅनमध्ये दोन हललेल्या, धूसर फेऱ्या होत्या आणि तिसरी स्वच्छ. स्वच्छ फेरीत ठिपका होता, तेवढाच, तिथेच. डॉ. तेजस्वींनी दोनदा मोजला आणि काकांना घरी सोडलं. मग त्या कल्पेशकडे वळल्या.

"असे किती आहेत?"

त्याने संध्याकाळपर्यंत मोजलं. संशय घ्यावा असे नंबर निघाले चौऱ्याण्णव. जूचंद्र, चिंचोटी, कामण, थोडे भुईगावचे. त्यांच्याखाली खरी माणसं किती दबली होती ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"या चौऱ्याण्णवांचं जुनं स्कॅन मी बघणार नाही," डॉ. तेजस्वींनी सांगितलं. "प्रत्येक रिपोर्टावर लिहीन : जुनं स्कॅन उपलब्ध नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी जितेंद्रला फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"सर, एकही चित्र हरवलेलं नाही," जितेंद्र म्हणाला. "सगळं सुरक्षित आहे. हवं ते मोजून घ्या."

"आहे हो. पण कुणाचं आहे?"

"ते तुमच्या गरजांत नव्हतं, सर. मी शेऱ्याचा रकाना दाखवला होता. आवश्यक नाही म्हणून सही आहे."

"जुन्या सर्व्हरवर असेल ना?"

"तो पुसला. ती दुसरी सही."

डॉक्टरांनी फोन बंद केला. कल्पेशकडे न बघता ते ट्रेमधले कागद चाळू लागले. 'आयटी मॅनेजर'ची पाटी रंगाऱ्याकडे तयार पडून होती. ती आणायला जा असं त्यांनी सांगितलं नाही. "भुईगावला जा," एवढंच म्हणाले.

मर्लिनच्या घराला जायची गल्ली इतकी अरुंद की मोटरसायकलचे आरसे दोन्हीकडच्या कुंपणांना सलाम करत जातात. वाडीत पीटर, तिचा नवरा, केळीला पाणी सोडत होता. त्याने कल्पेशला पाहिलं आणि आत हाक मारली, "मर्लिन! तुझं कॉम्प्युटर आलंय!"

ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि शेंगांची अर्धी परडी त्याच्यापुढे सरकवली. कल्पेशने शेंगा सोलायला घेतल्या.

"डॉक्टरांचा फोन आला होता मला," मग ती म्हणाली. "मुदतवाढ नाही म्हणून सांगायला, ऑक्टोबरात. म्हणाले, कल्पेशच म्हणतो चालेल म्हणून. चालतंय ना?"

"चुकलं, मर्लिनबाय."

"काय चुकलं ते सांग. नुसतं चुकलं म्हणायला मीपण शनिवारी फादरकडे कन्फेशनला जाते."

कल्पेशने सांगितलं. फॉर्मवर 'विशेष काही नाही' लिहिलं तेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं गल्लीच्या तोंडापर्यंत त्याने ठरवलं होतं.

"आमच्या लोकांचं नाही झालं ना असं?" तिने विचारलं.

"नाही. भुईगावची झाली ती हिंदू घरांचीच."

"होणार नाही. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं रजिस्टर. पोर आठ-पंधरा दिवसांचं असतानाच तारीख पक्की." ती हसली. "तुमच्या मास्तरांपेक्षा आमचा फादर शहाणा निघाला. बरं, सगळं डोक्यात आहे असं समजू नकोस. अर्धं मी लिहून टाकलं म्हणून विसरले. लिहायचं कशासाठी? विसरता यावं म्हणून."

"मग कसं करायचं?"

"लिफाफे. प्रत्येक लिफाफ्यावर भेटीचा नंबर चिकटवलाय मी. तोच नंबर तुझ्या चित्रावर असेल."

"आहे. पण कुणाच्या घरात बघायचं ते कळत नाही."

"घर मी दाखवते. लिफाफा माळ्यावर असतो, गादीखाली असतो, देवाच्या फोटोमागे असतो. फोनवर विचारलं तर नाही म्हणतात. दारात बसलं की निघतो." तिने सोललेले दाणे सुपात टाकले. "रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की तू मला घ्यायला यायचं. शेऱ्याला नव्यात रकाना पाहिजे, आणि तो सगळ्यांत वर. आणि प्रत्येक घरात चूक कुणाची ते तू सांगायचं."

"सेंटरची चूक झाली असं सांगतो."

"सेंटरला तोंड आहे का?"

कल्पेशने उरलेल्या शेंगा सोलल्या. "माझी," तो म्हणाला.

"उद्या डॉक्टरांना सांग, मला घरी बसून फुकट जमणार नाही. एक वर्ष. लेखी."

डॉक्टरांनी लेखी दिलं. जितेंद्रने नवा रकाना दोन दिवसांत बसवून दिला, हसतमुखाने आणि वेगळं बिल लावून.

मग रविवार सुरू झाले. मागे मर्लिन, चर्चची चांगली साडी पायांत अडकू नये म्हणून एका बाजूला बसलेली, पुढे कल्पेश. चिंचोटी, कामण, मग जूचंद्र. दुसऱ्या गावांत 'माझी चूक' म्हणणं जमून गेलं. लोक म्हणत, असू दे, चहा घ्या. स्वतःच्या गावात चहाही मिळाला आणि वर बरंच काही मिळालं.

"भोईराचा पोर शिकला म्हनून पाठवला," गिरणीमागचा बळीराम ओट्यावरच्या चारजणांना सांगत होता, "तर त्यानं चार बळीरामांचा येक केला. आता घरपट्टीपन येकच भरू ना रं?"

"बायकोपन येकच ठेवा," आतून बायको म्हणाली, आणि माळ्यावर चढून लिफाफा तिनेच शोधला.

कुठे लिफाफ्यात लग्नपत्रिका ठेवल्या होत्या, कुठे त्याचा पंखा केला होता. एका घरी एका बाईने कपाटातून लिफाफा काढला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. "फोटो हाय," ती म्हणाली. "मानूस गेला दोन वर्सांमागं." मर्लिनने नंबर वाचला, कल्पेशने टाइप केला. शेऱ्यात काय लिहू म्हणून त्याने बघितलं. "वारले," मर्लिन हळू म्हणाली, "आणि लिही, फोन करू नये." त्याने लिहिलं. पुढच्या घरापासून शेरा तो स्वतःच लिहू लागला. ती फक्त वरून बघायची आणि एखादा शब्द कापायला लावायची.

स्वतःच्या घरी तो सर्वांत शेवटी गेला. वडिलांनी लिफाफा आधीच काढून ठेवला होता.

"मना इचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?" आत्माराम म्हणाले. "येक जूनला अर्धा गाव जल्मला."

"बाबा, तुमची खरी तारीख कुठली?"

"कोनाला ठाव? आई सांगायची, गौरी गेल्या आनि दुसऱ्या दिवशी." त्यांनी मर्लिनकडे बघितलं. "लिवा बाय, गौरीच्या दुसऱ्या दिवशी."

मर्लिनने तेही लिहायला लावलं.

असे अकरा रविवार गेले. अकराव्या रविवारी संध्याकाळी दोघांनी काउंटरवर बसून बेरीज केली. चौऱ्याण्णव नंबरांची माणसं झाली दोनशे एकतीस. त्यांतल्या दोनशे सोळा जणांची स्कॅन ज्याची त्याला लागली. डॉ. तेजस्वींनी सोमवारपासून त्यांच्यापुरती तुलना सुरू केली.

आता कुणाचं किती गेलं ते. जितेंद्रचं काही गेलं नाही. उलट रकान्याचं बिल वसूल झालं. मोठ्या डॉक्टरांचं मर्लिनच्या एका वर्षाचं वेतन गेलं, जे तिने आधी मागितलं तेव्हा वाचवलं होतं. डॉ. तेजस्वींनी तीन महिने या माणसांच्या दर रिपोर्टाखाली एक ओळ जास्त लिहिली आणि त्यासाठी बाहेरच्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली. मर्लिनने अकरा रविवारची दुपारची झोप दिली आणि मोटरसायकलवर बसून कंबर धरून घेतली. कल्पेशने तेवढेच रविवार दिले, पाटी दिली, आणि गावात चार-सहा वर्षं पुरेल एवढा विषय दिला. गावकऱ्यांनी माळे उपसले.

राहिले पंधरा. त्यांची चित्रं स्टोरेजमध्ये सुखरूप आहेत, एक प्रत वसईत, दुसरी विरारमध्ये. पण ती कुणाची हे सांगणारा लिफाफाही नाही आणि मर्लिनला आठवतही नाही. त्यांच्यातलं कुणी उद्या काउंटरवर आलं तर त्याला सांगितलं जाईल, तुमचं जुनं काही नाही. तो मान हलवेल, नव्याने पैसे भरेल, आणि एखादा ठिपका निघालाच तर सुईसाठी दुसरीकडे जाईल. सगळ्यांत जास्त गेलं ते या पंधरा जणांचं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ते माहीत नाही.